मायक्रोप्लास्टिक: किती जातं, कुठून जातं आणि घरात काय बदलायचं?

अणुरेणू

"आपण दर आठवड्याला एका क्रेडिट कार्डाएवढं प्लास्टिक खातो" हे वाक्य २०१९पासून फिरतंय. डब्ल्यूडब्ल्यूएफ या निसर्गसंवर्धन संस्थेने ऑस्ट्रेलियातल्या न्यूकॅसल विद्यापीठाकडून एक अंदाज करून घेतला होता, त्यातून ते आलं. संशोधकांनी दिलेला पल्ला आठवड्याला ०.१ ते ५ ग्रॅम असा होता. बातमीत वरचं टोक तेवढं उरलं. पुढे २०२१मध्ये नेदरलँड्समधल्या वाखनिंगन विद्यापीठाच्या गटाने वेगळ्या पद्धतीने हिशोब मांडला. प्रौढ माणसाच्या शरीरात दिवसाला ८८३ कण जातात, त्यांचं वजन ५८३ नॅनोग्रॅम, म्हणजे आठवड्याला ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास. मासे, मीठ, दूध, पाणी, हवा अशा मोजक्याच वाटा त्यात धरल्या होत्या, त्यामुळे खरा आकडा याहून मोठा असणार. पण ५ ग्रॅम आणि ४ मायक्रोग्रॅम यांत दहा लाख पटींहून जास्त अंतर आहे, आणि तेवढं अंतर धान्य-भाजी मोजायची राहिली म्हणून पडत नाही.

ते पडतं कणांच्या संख्येचं वजनात रूपांतर करताना. एक मिलिमीटरचा एकच कण आणि एक मायक्रॉनचे (मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे) शंभर कोटी कण यांचं वजन सारखं भरतं. सरासरी आकार जरा मोठा धरला की आकडा कुठल्या कुठे जातो. म्हणून कुठलीही बातमी वाचताना दोन गोष्टी आधी पाहाव्यात: मोजणी संख्येत आहे की वजनात, आणि किती मायक्रॉनपर्यंतचे कण त्या यंत्राला दिसत होते.

आरोग्याच्या दृष्टीने आकार महत्त्वाचा आहेच. ५ मिलिमीटरपेक्षा लहान ते मायक्रोप्लास्टिक आणि १ मायक्रॉनपेक्षा लहान ते नॅनोप्लास्टिक, ही सर्वसाधारण विभागणी. १५० मायक्रॉनपेक्षा मोठा कण आतड्याची भिंत ओलांडत नाही, शौचावाटे बाहेर पडतो. काळजी आहे ती १० मायक्रॉनच्या खालच्या कणांची, आणि त्याहून जास्त नॅनोची.

या मंचावर पाणी, पॅकेजिंग, प्रयोगशाळा, वैद्यक या क्षेत्रांतली मंडळी आहेत. घरात कुठली वाट मोठी, कुठली छोटी आणि बदल करायचा तर नेमका कसा, एवढं एका जागी यावं म्हणून धागा काढतोय. सरकारी धोरण, प्लास्टिकबंदी यांवर वेगळा धागा काढता येईल.

पाणक्या

पाण्यावर लोकांचा सर्वांत जास्त पैसा खर्च होतो, म्हणून तिथून सुरुवात.

बाटलीबंद पाणी जास्त शुद्ध ही समजूत मायक्रोप्लास्टिकच्या बाबतीत उलटी ठरते. कोलंबिया विद्यापीठाच्या गटाने जानेवारी २०२४मध्ये तीन ब्रँडच्या बाटल्या तपासल्या. लिटरमागे सरासरी २ लाख ४० हजार कण मिळाले, त्यांतले ९० टक्के नॅनो. बाटली पीईटी या प्लास्टिकची, तरी पॉलिअमाइडचेही पुष्कळ कण होते. पॉलिअमाइड हे नायलॉनच्या कुळातलं, आणि ते बहुधा पाणी शुद्ध करणाऱ्या पडद्यांतूनच आलं असावं असं संशोधकांनी लिहिलंय.

घरच्या यंत्रात काय काय असतं ते क्रमाने:

सुरुवातीचा कापसासारखा पांढरा कार्ट्रिज म्हणजे पॉलिप्रॉपिलीनचे पिळलेले तंतू. छिद्र साधारण ५ मायक्रॉन. गाळ आणि मोठे कण इथे अडकतात. नवा कार्ट्रिज बसवला की स्वतःचेच सुटे तंतू सोडतो, म्हणून पहिलं ८-१० लिटर पाणी झाडांना किंवा फरशीला वापरा. तो तपकिरी झाला, पाण्याची धार बारीक झाली, तरी रेटत बसू नका.

यूएफ म्हणजे पोकळ तंतूंचा पडदा. छिद्र ०.०१ मायक्रॉन, म्हणजे १० नॅनोमीटर. मायक्रोप्लास्टिक जवळजवळ सगळं आणि नॅनोचाही मोठा भाग इथे अडतो. याला वीज लागत नाही आणि पाणी वाया जात नाही.

आरओचं छिद्र याहून शंभरपट बारीक. पण आरओ क्षार काढण्यासाठी असतो. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला ५०० मिलिग्रॅमच्या खाली असेल तर त्याची गरज नाही, राष्ट्रीय हरित लवादानेही २०१९मध्ये हेच म्हटलं होतं. मुंबईच्या तलावांचं पाणी पिणाऱ्यांनी केवळ मायक्रोप्लास्टिकच्या भीतीने आरओ घेणं म्हणजे निम्म्याहून जास्त पाणी मोरीत सोडणं. यूव्ही (जंतू मारणारा अतिनील प्रकाश) आणि यूएफ असलेलं यंत्र पुरेसं आहे. आरओ खरोखर लागतो तो खारट बोअरला.

यंत्रातून गाळून झालेलं पाणी कशात साठतं ते मात्र कोणी विचारत नाही. बहुतेक यंत्रांची टाकी प्लास्टिकची असते आणि पाणी तिथे दिवसभर पडून राहतं. सकाळी पाणी काढून स्टीलच्या पिंपात, तांब्याच्या हंड्यात किंवा माठात भरून ठेवा.

हळदीपासून कार्यालयापर्यंत सगळीकडे दिसणाऱ्या २० लिटरच्या जारबद्दल: तो पॉलिकार्बोनेटचा असेल तर आतून ब्रशने घासून घासून पांढुरका झालेला दिसतो. त्या पांढुरक्या रेघा म्हणजे पृष्ठभाग झिजल्याची खूण. असा जार परत करा, नवा मागा. आणि तो उन्हात उभ्या टेम्पोतून आला असेल तर जास्तच आग्रहाने.

सूक्ष्मदर्शी

पाणक्यांच्या यादीत एक भर. पाणी उकळून मायक्रोप्लास्टिक कमी होतं का, असं बरेच जण विचारतात. कमी होतं, पण पाणी जड असेल तर.

चीनमधल्या ग्वांगझूच्या संशोधकांनी २०२४मध्ये हे दाखवलं. जड पाणी उकळलं की कॅल्शियम कार्बोनेट बाहेर पडतं, त्याचे स्फटिक कणांभोवती जमतात आणि कण त्या पांढऱ्या थरात बंदिस्त होतात. कठीणपणा लिटरला ३०० मिलिग्रॅम असताना ९० टक्क्यांपर्यंत कण गेले, १८० असताना ८४ टक्के, ८० असताना ३४ टक्के. ६०च्या खालच्या मृदू पाण्यात जेमतेम २५ टक्के. म्हणजे मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याला ही युक्ती लागू पडते, मुंबईच्या नळाला फारशी नाही.

कृती: स्टीलच्या पातेल्यात पाच मिनिटं खळखळून उकळा. मग हलवू नका, ढवळू नका, दहा मिनिटं तसंच राहू द्या. वरचं पाणी अलगद ओतून कॉफीच्या कागदी गाळणीतून किंवा घट्ट विणीच्या सुती कापडातून गाळा. तळाचं बोटभर पाणी टाकून द्या. इथे हमखास होणाऱ्या चुका दोन. एक, नायलॉनच्या जाळीची गाळणी वापरणं. दोन, पातेल्याला बसलेला पांढरा थर तसाच ठेवून त्यात रोज उकळणं. तो थर आठवड्यातून एकदा लिंबाच्या फोडीने किंवा व्हिनेगरने काढा.

कढीलिंब

पॅकेजिंगच्या बाजूने लिहिते. स्वयंपाकघरात तीन गोष्टी प्लास्टिकमधून कण आणि रसायनं बाहेर काढतात: उष्णता, तेल आणि घर्षण. या तिन्ही एकत्र आल्या की प्रमाण वाढतं. थंड, कोरडा रवा प्लास्टिकच्या डब्यात असेल तर त्याच्यामागे लागण्यात अर्थ नाही. तो डबा शेवटी बदला.

पहिला बदल पार्सलचा. मिसळीचा कट, सांबार, आमटी पातळ पिशवीत बांधून देतात. ही पिशवी पॉलिइथिलीनची, त्यातला मऊ प्रकार १०५ ते ११५ अंशांना वितळतो आणि त्याच्या बऱ्याच आधी मऊ पडतो. आमटी शंभरच्या आतली असली तरी वर तरंगणारी तर्री नुकत्याच फोडणीतून आलेली असते. कढईतून काढलेला वडा १७०-१८० अंशांच्या तेलातून येतो. तो थेट पिशवीत पडला की जिथे टेकतो तिथे पिशवीला सुरकुती पडते, ती सुरकुती म्हणजे मऊ पडलेलं प्लास्टिक. पार्सल आणायचं तर घरून स्टीलचा कडीचा डबा न्या.

दुसरा बदल मायक्रोवेव्हचा. नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३च्या तपासणीत बाळांच्या खाण्याच्या प्लास्टिक डब्यांच्या काही नमुन्यांत तीन मिनिटांत दर चौरस सेंटिमीटरला ४२ लाख मायक्रो आणि २११ कोटी नॅनो कण सुटले. डब्यावर "मायक्रोवेव्ह सेफ" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ डबा वितळणार नाही किंवा वाकडा होणार नाही एवढाच. कण मोजून तो शिक्का दिलेला नसतो.

"फूड ग्रेड"चंही तसंच. एफएसएसएआय या भारताच्या अन्नसुरक्षा संस्थेच्या २०१८च्या पॅकेजिंग नियमांत अन्नात उतरणाऱ्या एकूण पदार्थांची मर्यादा किलोला ६० मिलिग्रॅम आहे. ती चाचणी नव्या वस्तूवर, ठरलेल्या तापमानाला, ठरलेल्या वेळेपुरती होते. तारेच्या घासणीने दोन वर्षं घासलेला, हळदीने पिवळा पडलेला, तळाला चरे गेलेला डबा त्या चाचणीत कधीच नसतो.

चहाची गाळणी विसरू नका! नायलॉनच्या जाळीची, प्लास्टिकच्या कड्याची गाळणी उकळत्या चहाखाली दिवसातून चार वेळा जाते आणि मग बाहेरून आपटून चोथा काढला जातो. उष्णता आणि घर्षण दोन्ही. स्टीलच्या जाळीची गाळणी फार महाग नसते.

भाजी चिरायचा प्लास्टिकचा पाट हा खरा मोठा वाटेकरी. नॉर्थ डकोटातल्या २०२३च्या अभ्यासात पॉलिइथिलीनच्या पाटावरून माणशी वर्षाला ७.४ ते ५०.७ ग्रॅम प्लास्टिक निघू शकतं असा अंदाज आला. सगळं पोटात जात नाही, बरंचसं धुऊन जातं. त्याच अभ्यासात उंदराच्या पेशींवर ७२ तासांत विषारी परिणाम दिसला नाही, हेही सांगायला हवं. पण मीठ-साखरेत कण शोधत बसण्याऐवजी पाट आधी बदला. ज्यांच्याकडे विळी आहे त्यांना हा प्रश्नच नाही, कारण पातं भाजीच्या आरपार जातं, खालच्या फळीवर घासत नाही. लाकडी पाट घेतलात तर धुऊन उभा वाळवा, कच्च्या मांसमच्छीसाठी वेगळा ठेवा.

रानवारा

मिठाचा विषय निघालाच आहे तर, सैंधव घ्यावं का? बातम्यांत आयोडीनयुक्त मिठात सर्वांत जास्त कण असं आलं होतं.

सूक्ष्मदर्शी

टॉक्सिक्स लिंक या पर्यावरण संस्थेचा ऑगस्ट २०२४चा अहवाल. आयोडीनयुक्त मिठात किलोला सर्वाधिक ८९ कण, सेंद्रिय सैंधवात सर्वांत कमी, ६.७. आता याचं वजन करू. आयआयटी मुंबईच्या २०१८च्या अभ्यासात किलोभर मिठात सुमारे ६४ मायक्रोग्रॅम प्लास्टिक होतं. रोज ५ ग्रॅम मीठ खाल्लं तर वर्षाला सुमारे ११७ मायक्रोग्रॅम. कढीलिंब यांनी दिलेला पाटाचा सर्वांत कमी आकडा याच्या साठ हजार पट आहे. मिठातले मोजलेले कण ०.१ मिलिमीटर आणि त्याहून मोठे होते, म्हणजे बहुतेक आतड्यातून सरळ बाहेर जाणारे. एवढ्यासाठी आयोडीन सोडणं हा तोट्याचा व्यवहार आहे. सह्याद्रीच्या पट्ट्यात आणि आतल्या भागात गलगंडाचा प्रश्न होता, तो आयोडीनयुक्त मिठाने आटोक्यात आणला. ते मीठ बंद करू नका.

त्याच आयआयटीच्या अभ्यासात असंही होतं की समुद्राचं पाणी मिठागरात घेण्याआधी साध्या वाळूच्या थरातून गाळलं तर वजनाने ८५ टक्के प्लास्टिक निघून जातं. हे काम मिठागराच्या तोंडाशी व्हायला हवं. घरी मीठ धुण्याचे व्हिडिओ पाहून मीठ आणि आयोडीन दोन्ही वाहून घालवू नका.

शाळा-कॉलेजच्या प्रकल्पाला मीठ तपासायचं असेल तर पद्धत अशी. आधी पाणी ११ मायक्रॉनच्या गाळणकागदातून दोनदा गाळून घ्या. काचेच्या चंबूत त्या एक लिटर पाण्यात २०० ग्रॅम मीठ विरघळवा. सगळंच्या सगळं द्रावण नव्या गाळणकागदातून जाऊ द्या. वर तरंगतं तेवढंच उचलायचं नाही, कारण पॉलिइथिलीन आणि पॉलिप्रॉपिलीन तरंगतात पण पीईटीची घनता १.३८, ते तळाला जातं. कागद झाकलेल्या काचेच्या बशीत वाळवा. ४० पट मोठं दिसणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली तंतू आणि तुकडे शोधा आणि लाल झालेली सुई जवळ न्या. प्लास्टिक वितळतं किंवा आक्रसून गोल होतं. सुताचा धागा वितळत नाही. न वितळणारे पांढरे दाणे दिसतात ते बहुधा मीठ मोकळं राहावं म्हणून घातलेले घटक किंवा बारीक वाळू.

आणि सर्वांत महत्त्वाचं: मीठ न घालता तेवढ्याच पाण्यावर हीच सगळी कृती करा, शिवाय बाजूला एक ओला गाळणकागद उघडा ठेवा. त्यांवर जमलेले तंतू म्हणजे खोलीतली धूळ आणि तुमचे कपडे. पॉलिस्टरचा शर्ट घालून काम केलं तर कोऱ्या कागदावरच नमुन्याएवढे तंतू सापडतात आणि सगळा प्रयोग बाद होतो. सुती अ‍ॅप्रन, खिडक्या बंद, पंखा बंद.

धन्वंतरी

आरोग्यावर काय परिणाम होतो हा मूळ प्रश्न, त्याकडे येतो. शरीरात सापडणं आणि शरीराला इजा होणं या दोन पायऱ्या आहेत. पहिली बऱ्यापैकी चढून झाली आहे. २०२१मध्ये इटलीत सहापैकी चार बाळंतिणींच्या वारेत (प्लासेंटात) कण सापडले. २०२२मध्ये नेदरलँड्समध्ये २२ रक्तदात्यांपैकी १७ जणांच्या रक्तात प्लास्टिक मिळालं, सरासरी मिलिलिटरला १.६ मायक्रोग्रॅम.

दुसऱ्या पायरीवरचा सर्वांत वजनदार पुरावा मार्च २०२४चा, इटलीतलाच. मानेच्या धमनीत साचलेला चरबीचा थर शस्त्रक्रियेने काढलेल्या २५७ रुग्णांचा सरासरी ३४ महिने पाठपुरावा केला. १५० जणांच्या थरात पॉलिइथिलीन होतं. त्यांच्यापैकी ३० जणांना, म्हणजे २० टक्क्यांना हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा मृत्यू यांपैकी काही ना काही झालं. प्लास्टिक न सापडलेल्या १०७ जणांत हे प्रमाण ८, म्हणजे साडेसात टक्के. वय, मधुमेह, कोलेस्टेरॉल वगैरे जमेस धरून धोका साडेचार पट.

हे वाचून छातीत धस्स होतं, पण यातून काय सिद्ध होतं ते नीट पाहा. संबंध दिसला, कारण सिद्ध झालं नाही. रुग्ण आधीपासूनच धमनीविकाराचे होते. त्यांचा आहार, त्यांचं उत्पन्न, ते कुठल्या हवेत राहात होते, हे त्यात मोजलेलं नव्हतं. ज्याच्या धमनीत दाह जास्त त्याच्या थरात कण जास्त अडकतात, असाही उलटा अर्थ लागू शकतो. तरी ज्यांच्या थरात प्लास्टिक होतं त्यांच्यात दाह दाखवणारे घटक वाढलेले होते, आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांतही हेच दिसतं. भक्षक पेशी कण गिळते, तो पचत नाही, पेशी दाहाचे संदेश सोडत राहते. यंत्रणा पटण्यासारखी आहे.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या गटाने डिसेंबर २०२४मध्ये ३१ अभ्यास एकत्र तपासले, त्यातले २८ प्राण्यांवरचे. शुक्रजंतूंची गुणवत्ता, आतडी आणि फुप्फुसं यांना इजा होत असल्याचा "संशय" आहे, असा त्यांचा निष्कर्ष. माझ्या मते आज प्रामाणिकपणे वापरता येईल असा हाच शब्द आहे.

प्लास्टिकसोबत येणारी रसायनं ही बाजू याहून पक्की आहे. बिस्फेनॉल-ए घ्या. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने एप्रिल २०२३मध्ये त्याची रोजची सुरक्षित मर्यादा एकदम २०,००० पटींनी खाली आणली आणि युरोपीय संघाने अन्नाला लागणाऱ्या वस्तूंत त्यावर बंदी घातली. कणाने काय होतं हे ठरायला वेळ लागेल, पण गरम आणि तेलकट अन्न प्लास्टिकपासून लांब ठेवलं की कण आणि रसायन दोन्ही कमी होतात.

अणुरेणू

डॉक्टर, मेंदूत "चमचाभर" प्लास्टिक सापडल्याच्या बातमीबद्दलही लिहा ना. तिने लोक सर्वांत जास्त घाबरले.

सूक्ष्मदर्शी

ते मोजणीच्या पद्धतीशी जोडलेलं आहे म्हणून मीच लिहितो. फेब्रुवारी २०२५मधला न्यू मेक्सिको विद्यापीठाचा अभ्यास. २०१६ आणि २०२४ सालच्या मृतांच्या मेंदूचे नमुने तपासले. मेंदूत यकृत आणि मूत्रपिंडापेक्षा जास्त, आणि २०१६पेक्षा २०२४मध्ये जास्त प्लास्टिक दिसलं, त्यात पॉलिइथिलीनचं प्रमाण सर्वाधिक.

पद्धत अशी की ऊती अल्कलीत विरघळवायची, उरलेला गाळ कित्येकशे अंशांना तापवून फोडायचा आणि बाहेर पडणारे वायू ओळखायचे. पॉलिइथिलीन फुटलं की लांब साखळीचे हायड्रोकार्बन निघतात. अडचण ही की चरबी फुटली तरी तशाच साखळ्या निघतात, आणि मेंदूइतका चरबीयुक्त अवयव दुसरा क्वचितच. विरघळवताना चरबी पूर्ण गेली नसेल तर ती पॉलिइथिलीन म्हणून मोजली जाते. हा आक्षेप अनेक रसायनशास्त्रज्ञांनी घेतलाय. मेंदूत कण पोचतात याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची चित्रं आधार देतात. पण चमचाभर हे वजन मी धरून चालणार नाही.

कुठलाही अहवाल वाचताना पाहा: कोरे नमुने किती घेतले? ऊती काढताना, साठवताना प्लास्टिकची भांडी होती का? एकाच पद्धतीवर विसंबलेत की दोन? इन्फ्रारेड पद्धतीला साधारण १०-२० मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही, रामन पद्धत १ मायक्रॉनपर्यंत जाते. "आमच्या नमुन्यात कण नाहीत" याचा अर्थ बऱ्याचदा "आमच्या यंत्राला दिसले नाहीत" एवढाच असतो.

सूतगिरणी

सगळे पोटाबद्दल लिहितायत, श्वासाकडे कोणी पाहात नाहीये. घरातल्या धुळीत पॉलिस्टर, नायलॉन, अ‍ॅक्रिलिकचे तंतू भरपूर असतात. फुप्फुसाला याने इजा होते हे कामगारांत १९९०च्या दशकातच दिसलं. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये नायलॉनचे अगदी आखूड तंतू कापून मखमली कापड करणाऱ्या कारखान्यात कामगारांना फुप्फुसाचा विशिष्ट आजार झाला. त्याला त्या धंद्याच्याच नावाने ओळखतात. तिथलं प्रमाण घरापेक्षा कितीतरी पट होतं, पण कृत्रिम तंतू फुप्फुसात गेला तर काहीच होत नाही, असं मग म्हणता येत नाही. भिवंडीत कृत्रिम धाग्यावर चालणाऱ्या यंत्रमागांजवळ काम करणाऱ्यांसाठी हा विषय कागदी कपातल्या चहापेक्षा कितीतरी मोठा आहे. तिथे तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही, एन-९५ मास्क लागतो आणि मागाखालची धूळ हवेच्या झोताने उडवण्याऐवजी ओढून घ्यावी लागते.

घरासाठी: कोरडा झाडू धूळ उडवतो आणि ती पुन्हा तासाभरात बसते. आधी पंख्याची पाती आणि कपाटाचा माथा ओल्या फडक्याने पुसा, मग केर हळू काढा, मग लादी ओली पुसा. उलट क्रमाने केलं तर पुसलेल्या लादीवर पंख्याची धूळ पडते. रांगणारं बाळ असेल तर हे रोज करा. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०२१च्या एका छोट्या अभ्यासात बाळांच्या शीमध्ये प्रौढांच्या दहापटींहून जास्त पीईटी सापडलं. नमुने फक्त सहा बाळांचे, तरी कारणं उघड आहेत: जमिनीवर वावर, हात तोंडात, प्लास्टिकची खेळणी.

मिंक ब्लँकेट म्हणून विकतात ते पॉलिस्टर किंवा अ‍ॅक्रिलिक असतं. ते नाकातोंडावर ओढून झोपण्यापेक्षा सोलापुरी चादर किंवा सुती गोधडी बरी. कृत्रिम कपडा पहिल्या काही धुण्यांत सर्वांत जास्त तंतू सोडतो. प्लिमथ विद्यापीठाच्या मोजणीत सहा किलो अ‍ॅक्रिलिकच्या एका धुण्यात सात लाखांहून जास्त तंतू निघाले. नवा कपडा वापरण्याआधी थंड पाण्यात धुवा, मशीन भरून लावा म्हणजे घर्षण कमी होतं, आणि दोरीवर बाहेर वाळत घाला.

खाडीकाठ

मासेखाऊंसाठी थोडक्यात. मोठ्या माशाच्या पोटातलं प्लास्टिक आतड्यात असतं आणि आपण ते काढून टाकतो. पापलेट, सुरमईबद्दल घाबरायचं कारण नाही. जे अख्खं खाल्लं जातं ते वेगळं: तिसऱ्या, कालवं, शिणाणे, जवळा. गोव्यात साळ नदीच्या खाडीतल्या शिंपल्यांत आणि माशांत राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांना कण मिळाले होते. तिसऱ्या मिठाच्या पाण्यात काही तास ठेवून ते पाणी दोन-तीनदा बदलण्याची आपली जुनी रीत वाळूबरोबर काही कणही काढते. हे पाणी कालवणात घालू नका. जवळा आणि सुकट भाजण्याआधी पाखडा, मग धुवा. किनाऱ्यावर वाळवताना प्लास्टिकच्या जाळीचे आणि ताडपत्रीचे तुकडे त्यात येतात, ते डोळ्यांनाही दिसतात.

रानवारा

बाळाच्या बाटलीबद्दल कोणीतरी सविस्तर लिहा. आणि ते "शरीरातलं प्लास्टिक काढणारी" पावडर, कोळशाच्या गोळ्या, यांत काही तथ्य?

धन्वंतरी

आधी दुसरं. ऊतींत गेलेले कण बाहेर काढणारं कुठलंही औषध, पावडर वा उपचार माणसांत सिद्ध झालेला नाही. कोळशाच्या गोळ्या रोज घेतल्या तर थायरॉइडच्या, झटक्यांच्या, गर्भनिरोधक गोळ्या पोटात त्यांना चिकटून वाया जाऊ शकतात. हे खरं नुकसान आहे. रक्तातलं मायक्रोप्लास्टिक मोजून देणाऱ्या तपासण्यांवरही पैसे घालवू नका. सामान्य किती हेच ठरलेलं नाही आणि रक्त घेण्याची सिरिंज व नळी स्वतःच प्लास्टिकची असते.

आता बाटली. डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने २०२०मध्ये पॉलिप्रॉपिलीनच्या बाटल्या तपासल्या. लिटरमागे एक कोटी ६२ लाखांपर्यंत कण. तापमानाचा परिणाम प्रचंड: २५ अंशांच्या पाण्यात लिटरला ६ लाख, ९५ अंशांच्या पाण्यात साडेपाच कोटी. स्तनपान शक्य असेल तर प्रश्नच मिटतो. वरचं दूध द्यावंच लागलं तर स्टीलची वाटी-चमचा किंवा बोंडलं. ते उकळता येतं, घासता येतं आणि बाटलीच्या बुचातला जंतुसंसर्गही टळतो. बाटलीच लागणार असेल तर काचेची घ्या.

प्लास्टिकची बाटली वापरावी लागत असेल तर क्रम असा. स्टीलच्या भांड्यात पाणी उकळून त्यातलं थोडं बाजूला झाकून गार करा, हे खळबळण्यासाठी. बाटली नेहमीप्रमाणे निर्जंतुक करा आणि गार होऊ द्या. उकळून गार केलेल्या त्या पाण्याने किमान तीन वेळा खळबळून पाणी फेका, सुटलेले कण यात जातात. पावडरचं दूध काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात, ७० अंशांहून जास्त गरम पाण्यातच कालवा. पावडरमधले जंतू मारायला तेवढं तापमान लागतं, त्यामुळे कणांच्या भीतीने कोमट पाणी घेऊ नका. भांडं थंड पाण्यात ठेवून दूध बाळाला देण्याजोगं कोमट झालं की मगच बाटलीत ओता. बाटली जोरजोरात हलवू नका, बाटलीत दूध पुन्हा गरम करू नका.

कढीलिंब

कागदी कपाबद्दल आयआयटी खरगपूरची २०२१ची मोजणी सांगते, वर सूतगिरणी यांनी उल्लेख केलाय म्हणून. ८५-९० अंशांचं १०० मिलिलिटर पाणी १५ मिनिटं कपात ठेवल्यावर सुमारे २५,००० कण सुटले. कपाच्या आतला चकचकीत थर पॉलिइथिलीनचा असतो, तो पाणी धरून ठेवतो. दोन मिनिटांत प्यायलेल्या कटिंगला हा आकडा जसाच्या तसा लागू होत नाही. तरी ऑफिसात स्वतःचा स्टीलचा किंवा चिनी मातीचा कप ठेवणं सोपं आहे. टपरीवर काचेच्या ग्लासात मागा.

पाणक्या

लोणच्याचं काय? तेल, मीठ आणि आंबट, तिन्ही वर्षभर एकत्र. प्लास्टिकच्या बरणीतून स्टीलमध्ये काढून ठेवलं तर चालेल?

कढीलिंब

स्टीलमध्ये वर्षभर नको. मीठ आणि आंबटाने साध्या स्टीलला बारीक खड्डे पडतात आणि लोणच्याला धातूची चव येते. चिनी मातीची बरणी किंवा काचेची, हेच योग्य. चिनी मातीच्या बरणीचा आतला लुकण तडकलेला नाही ना, ते बोट फिरवून पाहा. आधीच प्लास्टिकच्या बरणीत दोन-तीन महिने असलेलं लोणचं फेकायची गरज नाही, बरणी बदला. फोडणी पूर्ण गार झाल्यावरच घाला, ही रीत जुनीच आहे. काचेच्या बरणीला प्लास्टिकचं झाकण असेल तर ते चालतं, फक्त तेल झाकणाला लागणार नाही एवढी, दोन बोटं जागा वर सोडा आणि झाकणाखाली सुती दादरा बांधा.